हळदीच्या रानातले संशोधन तासिकांत अडकू देऊ नका

वाळवा तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे आहे :

“माझे वय ३२ आहे. वनस्पतिशास्त्रात शिवाजी विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून मला तीन वर्षे झाली. हळदीच्या कंदकुजीवर ट्रायकोडर्मा बुरशीचा उपयोग हा माझा विषय होता. सेट (राज्य पात्रता परीक्षा) मी त्याआधीच उत्तीर्ण झाले आणि गेली पाच वर्षे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवत आहे. ‘जागा निघाली की तुमचाच विचार करू’ असे दरवर्षी सांगितले जाते. यंदा दुसऱ्या एका संस्थेतून निरोप आला की तिथे जागा भरणार आहेत, पण ‘संस्थेला मदत’ करावी लागेल. ती रक्कम उभी करायची तर वडिलांना दीड एकर रान विकावे लागेल, आणि ते त्याला तयार आहेत. मधल्या काळात मी पुणे, बंगळूर आणि हैदराबाद येथील चाळीस शास्त्रज्ञांना ईमेल पाठवले. दोघांची उत्तरे आली, दोन्ही नकाराची. पती सांगलीत पतसंस्थेत नोकरीस आहेत, मुलगी चार वर्षांची आहे. मी येथेच थांबावे, पैसे द्यावेत, की संशोधनाच्या नोकरीसाठी बाहेर पडावे? आणि बाहेर पडायला आता उशीर झाला आहे का?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी पैशाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात वडिलांचे रान अडकले आहे आणि गेलेले रान परत येत नाही. पैसे देऊ नका. ते देणे गैर आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलेत. पण घरात हा विषय निघेल तेव्हा वडिलांना सांगण्यासारखे व्यवहारी कारणही तुमच्या हाती असावे. अनुदानित महाविद्यालयातील सहायक प्राध्यापकाचा पगार संस्था देत नाही, तो शासनाकडून येतो. त्यासाठी पद भरण्याचे ना हरकत प्रमाणपत्र, तपासून घेतलेली बिंदुनामावली (कोणते पद, म्हणजे ‘बिंदू’, कोणत्या प्रवर्गाचे हे दाखवणारी यादी), रीतसर जाहिरात, विद्यापीठाचे प्रतिनिधी व विषयतज्ज्ञ असलेली निवड समिती, त्यानंतर नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता आणि शेवटी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून वेतननिश्चिती, एवढी सगळी साखळी पूर्ण व्हावी लागते. यातली एक कडी जरी कच्ची राहिली तरी पगार अडतो, आणि तो अडला म्हणून दिलेली रक्कम कोणी परत करत नाही, कारण तिची पावतीच नसते. ज्यांनी निरोप पाठवला त्यांना एवढेच विचारा की ना हरकत प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे आणि जाहिरात कधी येणार आहे. जाहिरात आली तर कोणालाही काहीही न देता रीतसर अर्ज करा, मुलाखतीला जा आणि तुमचे काम मांडा. त्या खोलीत बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ बसलेले असतात, हे विसरू नका.

आता सध्याच्या महाविद्यालयाबद्दल. ‘तुमचाच विचार करू’ हे वाक्य मला अनोळखी नाही. एम.एस्सी. झाल्यावर मी स्वतः एका संस्थेत ‘पुढच्या जूनमध्ये’ या दोन शब्दांवर चार वर्षे काढली. एप्रिलअखेर नेमणूक संपायची, जूनमध्ये पुन्हा अर्ज द्यायचा, आणि प्रत्येक वेळी तेच आश्वासन मिळायचे. पाचव्या वर्षी जागा खरोखर निघाली, पण बिंदुनामावलीप्रमाणे ती दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव होती. जागा ज्यांच्या हक्काची होती त्यांना मिळाली, त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. मला लागले ते हे की आश्वासन देणाऱ्यांच्या कपाटात ती बिंदुनामावली चारही वर्षे होती आणि मी ती पाहायला मागितली नव्हती. तुम्ही ती मागा. तुमच्या विषयाची किती पदे मंजूर आहेत, किती रिक्त आहेत, रिक्त बिंदू कोणत्या प्रवर्गाचा आहे आणि येत्या काळात कोण निवृत्त होणार आहे, एवढी माहिती प्राचार्यांच्या कार्यालयातून सौजन्याने मागितली तर बहुधा मिळते. न मिळाल्यास अनुदानित महाविद्यालयाला २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांसाठी उच्च शिक्षण सहसंचालकांचे कार्यालय कोल्हापुरात आहे, तिथेही विचारणा करता येते. त्या कागदावर तुम्हाला अर्ज करता येईल असा बिंदू नजीकच्या काळात दिसत नसेल, तर त्या महाविद्यालयात थांबण्याचे एक मोठे कारण आपोआप निकाली निघेल.

शिवाय भरतीचा वेग संस्थेच्या हातात नसतो. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने नव्या पदभरतीवर निर्बंध आणले तेव्हा सगळी तयारी झालेल्या जागाही जिथल्या तिथे थांबल्या. अशा वेळी वाट पाहणाऱ्या माणसाची वर्षे मात्र थांबत नाहीत.

याचा अर्थ प्राध्यापकपदाचा नाद सोडा असा मुळीच नाही. उलट त्यासाठी तुमची बाजू आणखी पक्की करता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना द्यायच्या गुणांचे दोन तक्ते आहेत, एक विद्यापीठांसाठी आणि एक महाविद्यालयांसाठी. महाविद्यालयांच्या तक्त्यात पीएच.डी.ला २५ गुण आहेत, नेटला (राष्ट्रीय पात्रता परीक्षेला) ८ आणि सेटला ५. शोधनिबंधांना प्रत्येकी २ याप्रमाणे जास्तीत जास्त ६ आणि अनुभवाला वर्षाला २ याप्रमाणे जास्तीत जास्त १० गुण मिळतात. विद्यापीठांच्या तक्त्यात पीएच.डी.ला ३० आणि निबंधांना १० पर्यंत गुण आहेत, पदवी परीक्षेचे वजन मात्र तिथे कमी आहे. तुमच्या पत्रावरून तुमचे दोनच निबंध प्रसिद्ध झालेले दिसतात. म्हणजे तुमचा अनुभव पुरेसा असूनही निबंध आणि नेट या दोन ठिकाणी तुम्ही गुण सोडून देत आहात. प्रत्येक जाहिरातीसोबत लागू असलेली पद्धत दिलेली असते, ती तेव्हा वाचूनच घ्यावी, पण या दोन उणिवा कोणत्याही पद्धतीत उणिवाच राहतील.

नेटबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण सेट झाली आणि पीएच.डी.ही झाली, आता नेट कशाला, असा समज आपल्याकडे फार आहे. सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. त्यामुळे बेळगाव, धारवाड किंवा हैदराबादच्या बाजूला अर्ज करताना केवळ सेट आणि पीएच.डी.वर तुमची अडचण होऊ शकते. तुमच्या विषयासाठी सीएसआयआर-यूजीसी नेटची जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका असते आणि सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. तुम्ही पाच वर्षे शिकवत आहात, त्यामुळे अर्धा अभ्यास तसाच झालेला आहे. पेशीशास्त्र, जैवरसायन आणि रेण्वीय जीवशास्त्र यांची उजळणी करून येत्या दोन फेऱ्यांत ही परीक्षा द्या.

आता संशोधनाच्या नोकऱ्यांकडे वळतो, आणि इथे मला तुमच्यासाठी खरी वाट दिसते. आपल्या भागात संशोधनाची नोकरी म्हणजे पीएच.डी. होईपर्यंतची शिष्यवृत्ती, एवढाच अर्थ घेतला जातो. पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएट म्हणून केंद्र शासनाच्या विभागांनी निधी दिलेल्या प्रकल्पांत काम करता येते. १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार त्याचे मानधन पहिल्या पायरीला ५८,०००, दुसऱ्या पायरीला ६१,००० आणि तिसऱ्या पायरीला ६७,००० रुपये असून घरभाडे भत्ता वेगळा आहे. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. अर्थात त्यावर महागाई भत्ता असतो, नोकरी कायम असते, तर प्रकल्प बहुधा तीन वर्षांत संपतो आणि कधीकधी निधी उशिरा आल्याने मानधनही उशिरा होते. हे सगळे मी लपवत नाही. पण तुमची तुलना कायम प्राध्यापकाशी नाही, तासिकांच्या मानधनाशी आहे, आणि त्या तुलनेत प्रकल्पावरची तीन वर्षे तुम्हाला निबंध, उपकरणांचा अनुभव आणि तुमच्याबद्दल आपल्या शब्दांत लिहू शकतील अशी माणसे देतील.

याहून वरचा प्रकार म्हणजे स्वतःच्या नावाची पाठ्यवृत्ती. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. वयाची मर्यादा ३५ असली तरी महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, तेव्हा ३२ व्या वर्षी उशीर झाला का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तिथे प्रस्ताव तुमचा असतो, मार्गदर्शकाची आणि त्या संस्थेची संमती घ्यावी लागते. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप ही २७ ते ६० वयोगटातील महिलांसाठी आहे. मुलीच्या जन्मानंतर तुमच्या संशोधनात जो खंड पडला असेल तो तिथे लपवावा लागत नाही. या दोन्हींच्या मुदती वर्षातून ठरावीक काळापुरत्याच खुल्या असतात, म्हणून जाहिरात आल्यावर मार्गदर्शक शोधायला निघू नका. मार्गदर्शकाशी बोलणे चार-सहा महिने आधीच व्हायला हवे.

कोणाशी बोलायचे? तुम्ही चाळीस जणांना लिहिलेत, आणि माझ्या मते तेच चुकले. पत्रासोबत पाठवलेला तुमचा ईमेल मी वाचला. त्याचा मराठीत अर्थ असा होतो : ‘आदरणीय महोदय, मला आपल्या नामांकित संस्थेत संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे. मी कष्टाळू व प्रामाणिक आहे. सोबत बायोडेटा जोडला आहे. कृपया संधी द्यावी.’ या मजकुरात हळद नाही, बुरशी नाही, सांगली जिल्हाही नाही. हाच मजकूर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही जसाच्या तसा वापरता आला असता. बायोडेटा नऊ पानांचा आहे आणि त्यात प्रबंधाचा विषय सहाव्या पानावर येतो. त्याआधी कार्यशाळांची ३१ प्रमाणपत्रे आहेत. ज्यांना रोज असे डझनभर ईमेल येतात त्यांनी ते उघडले नाहीत, याचे मला नवल वाटत नाही, आणि तुम्हीही ते मनाला लावून घेऊ नये.

त्याऐवजी असे लिहा : ‘वाळवा आणि मिरज तालुक्यांतील हळदीच्या रानांतून मी ट्रायकोडर्माचे ३४ आयसोलेट वेगळे केले. कंदकुजीस कारण असणाऱ्या पिथियमविरुद्ध त्यांपैकी चार आयसोलेट प्रयोगशाळेत आणि कुंड्यांमधील प्रयोगातही परिणामकारक ठरले. मुळांलगतच्या सूक्ष्मजीवांवरील आपला अमुक निबंध मी वाचला. तिथे वापरलेल्या पद्धतीने या चार आयसोलेटांचे पुढील काम करावे असे मला वाटते. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपसाठी आपण मार्गदर्शक होण्याचा विचार करू शकाल का? एक पानाचा आराखडा सोबत आहे.’ (आयसोलेट म्हणजे मातीतून वेगळे काढलेले बुरशीचे नमुने.) हे आकडे तुमच्याच प्रबंधाच्या सारांशातून मी घेतले आहेत. दहा ओळींच्या आत, विषयाच्या ओळीत ‘हळद, कंदकूज, ट्रायकोडर्मा’ हे शब्द ठेवून, आणि बायोडेटा दोन पानांचा करून हा ईमेल पाठवा. चाळीस जणांना नव्हे, सहा-सात जणांना पाठवा, पण त्या प्रत्येकाचा किमान एक निबंध खरोखर वाचून. तीन आठवड्यांत उत्तर नाही आले तर एकदा नम्रपणे आठवण करा, त्यापुढे नको.

त्या सहा-सात जणांत कोण असावे, याचाही विचार तुमच्या विषयातूनच करावा. मसाल्याच्या पिकांवर काम करणारी भारतीय कृषी संशोधन परिषदेची भारतीय मसाला पीक संशोधन संस्था केरळात कोझिकोडला आहे, आणि हळद हे तिच्या मुख्य पिकांपैकी एक आहे. बंगळूर आणि हैदराबादला लिहिताना ती तुमच्या यादीत कशी आली नाही, याचे मला आश्चर्य वाटले. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तुमचे ते चार आयसोलेट अजून महाविद्यालयाच्या फ्रीजमध्ये परीक्षानळ्यांत असतील, तर त्या संग्रहात रीतसर जमा करण्याबाबत चौकशी करा, कारण वीज गेली, फ्रीज बंद पडला आणि पाच वर्षांचे काम नासले, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जमा केल्यावर मिळणारा क्रमांक निबंधातही घालता येतो आणि अर्जातही. आणि तुमच्या घरापासून जवळ, कसबे डिग्रजला, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि तिथे हळदीवर काम चालते. तिथे नोकरी असो वा नसो, शेतावरच्या चाचण्यांबद्दल बोलण्यासाठी एकदा जाऊन या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या मातीतल्या बुरशीवर, या मातीतल्या पिकासाठी काम केलेला माणूस ही तुमची ओळख आहे. ती अर्जाच्या सहाव्या पानावर ठेवू नका.

निबंधांबद्दल लिहिताना मी थोडा कडक होतो, क्षमा असावी. प्रबंधाच्या शेवटच्या दोन प्रकरणांतून एकही निबंध निघालेला नाही, असे तुम्ही लिहिता, आणि कुंड्यांमधील प्रयोग नेमके त्याच प्रकरणांत आहेत. म्हणजे तुमच्या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग विद्यापीठाच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेला आहे. तासिका संपल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी बसून त्यातला एक निबंध येत्या चार महिन्यांत लिहून काढा आणि तुमच्या गाइडना दाखवा. काही हजार रुपये घेऊन आठ दिवसांत निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांकडे मात्र वळू नका. तक्त्यातले दोन गुण कदाचित मिळतील, पण कोझिकोड किंवा पुण्याच्या मुलाखतीत तो निबंध पुढे आला की तुमच्या चांगल्या कामावरही शंका घेतली जाईल.

जाहिराती पाहण्याची सवयही लावून घ्या. प्रकल्पांवरच्या जागा वर्तमानपत्रांत फारशा येत नाहीत. त्या संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर येतात आणि अनेकदा दोन आठवड्यांत थेट मुलाखत असते. केंद्रीय विद्यापीठांच्या प्राध्यापकपदांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे सीयू-चयन हे संकेतस्थळ आहे. शिवाजी विद्यापीठ, साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आणि कराडचे कृष्णा विश्व विद्यापीठ यांची संकेतस्थळे दर सोमवारी पाहायला अर्धा तास पुरतो. जैविक खते व बुरशीनाशके बनवणाऱ्या कंपन्यांचाही विचार करायला हरकत नाही. तुमच्या हातचे कौशल्य तिथे रोजचेच आहे, फक्त तिथून पुन्हा अध्यापनाकडे वळताना निबंध कमी पडतात, एवढे ध्यानात असू द्या.

घराचा प्रश्न तुम्ही एका ओळीत लिहिलात, पण तो एका ओळीचा नाही, हे मला कळते. पुणे हे सांगलीहून रात्रीच्या गाडीने गाठता येते, कोझिकोड तसे नाही. म्हणून सुरुवातीला पुण्यातल्या संस्थांना आणि दोन वर्षांच्या फेलोशिपला प्राधान्य देणे मला योग्य वाटते, कारण दोन वर्षे ही घरात बसून ठरवता येण्यासारखी मुदत आहे. मुलीची शाळा, सासूबाईंची तब्येत, पतीची बदली होऊ शकते का, हे सगळे पतीशी आत्ताच बोला, निवडपत्र हातात आल्यावर नव्हे. मी मुलाखत समित्यांवर असताना दोन हुशार मुलींनी निवड झाल्यावर घरचे तयार नाहीत म्हणून नकार कळवला होता. त्या दोघींचे चेहरे मला अजून आठवतात. वडिलांनाही सांगा की जे रान ते विकायला निघाले आहेत त्यातच तुमच्या पुढच्या प्रयोगाचा वाफा घालता येईल.

तासिका लगेच सोडा असे मी म्हणत नाही. हे शैक्षणिक वर्ष पूर्ण करा, पण त्यासोबत एक काम याच महिन्यात उरका. गेल्या पाचही वर्षांची नेमणूकपत्रे, विद्यापीठाची मान्यतापत्रे आणि प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचा उल्लेख असलेली अनुभव प्रमाणपत्रे तुमच्याकडे आहेत का, ते पाहा. तासिकेच्या अनुभवाची गणना करताना छाननी समिती मान्यतापत्रच मागते, आणि प्राचार्य किंवा कार्यालयीन अधीक्षक बदलले की जुन्या वर्षांचे कागद मिळवताना फार दमछाक होते. जी पत्रे नाहीत त्यांची वर्षवार यादी करून प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहा, तो दोन प्रतींत द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.